नवं रबर, उग्र वास: मी निवडते कशी

टेबल टेनिसचं नवं रबर घेताना लोक वेग विचारतात, स्पिन विचारतात, रबराखालचा स्पंज दोन मिलिमीटरचा घेऊ की मॅक्स, म्हणजे सर्वांत जाड, ते विचारतात. वासाबद्दल कुणी विचारत नाही. विचारलंच तर दबक्या आवाजात, जणू असं विचारणारा खेळाडू कच्चाच. मला याचं फार वाईट वाटतं. उग्र वासाने माझी अर्धशिशी उठते, कॉलेजात होते तेव्हापासून. मे महिन्यात इथे धुळ्याच्या देवपुरात शेजारी काळ्या मसाल्याच्या मिरच्या भाजायला घेतल्या की मी खिडक्या लावून बसते. पण खेळ सोडला नाही. संध्याकाळी हॉलवर येणाऱ्या मुलींची रबरं मीच चिकटवून देते, म्हणजे वासाशी माझी गाठ स्वतःच्या बॅटीपुरती राहत नाही. म्हणून रबर निवडताना वास हा माझ्यासाठी वेगाइतकाच मोठा मुद्दा आहे, आणि ज्यांना त्रास होतो त्यांनीही तो तसाच उघडपणे मांडावा असं मला वाटतं.

आधी हा वास येतो कुठून ते बघू, कारण ते कळलं की निम्मी निवड तिथेच होते.

बॅटीवरचं रबर म्हणजे दोन थर. वर टॉपशीट, खाली स्पंज. टॉपशीटमध्ये नैसर्गिक रबर असतं, बहुतेक वेळा त्यात कृत्रिम रबरही मिसळलेलं असतं. नैसर्गिक रबर म्हणजे झाडाचा चीक. तो नुसता वापरला तर उन्हाळ्यात चिकट होतो नि थंडीत कडक, म्हणून गंधक घालून तापवावा लागतो. चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये ही युक्ती सापडली आणि आजही रबर पक्कं करायची मूळ पद्धत तीच आहे. गंधक आणि ती क्रिया लवकर व्हावी म्हणून घातलेली रसायनं, यांचा थोडा अंश शीटमध्ये मागे राहतो. नव्या टायरच्या दुकानात शिरल्यावर जो वास येतो त्याच जातीचा हा वास. तो कोणत्याही रबराला थोडा असणारच. मला तो सोसतो, आणि ज्यांना वासाचा त्रास आहे अशा बहुतेकांना तो सोसतो असं मी पाहिलं आहे.

त्रास देतो तो दुसरा वास. गोडसर, तेलकट, रॉकेलच्या अंगाने जाणारा. हा स्पंजमधून येतो. आजची बरीचशी वेगवान रबरं ‘टेन्शन’ प्रकारची असतात. त्यातल्या अनेकांच्या स्पंजला कारखान्यातच एक तेलासारखा पदार्थ दिलेला असतो. पाण्यात हरभरा फुगावा तसा त्याने स्पंज फुगतो, ताणला जातो, आणि चेंडू लागला की जास्त जोराने परत फेकतो. अशी शीट पाकिटातून काढून टेबलावर ठेवली की बऱ्याचदा ती सपाट पडत नाही, कडा वळतात. ही खूण लक्षात ठेवा. वळलेली शीट आणि तेलकट वास सहसा जोडीने येतात. काही आठवड्यांनी तेल उडत जातं, वास मंदावतो, शीट सपाट होते, किंचित आकसतेसुद्धा. त्याबरोबर सुरुवातीचा तो उसळता जोरही थोडा ओसरतो.

यातून एक गोष्ट निघते. नुसता ब्रँड बदलून वास बदलेल असं धरून चालू नका. युरोपातल्या बऱ्याच नावाजलेल्या ब्रँडची टेन्शन रबरं जर्मनीतल्या ईएसएन या एकाच कंपनीत बनतात. डबा वेगळा, नाव वेगळं, आणि नाकाला मात्र ओळखीचाच वास. एका ब्रँडच्या रबराने डोकं धरलं म्हणून तशाच प्रकारचं दुसऱ्या ब्रँडचं मागवलं, तर पैसे जातात आणि डोकंही जातं. ब्रँड नाही, प्रकार बदलायचा.

‘वास जितका कडक तितकं रबर जोरदार’ हे वाक्य मी तरुणपणापासून ऐकत आले आहे. त्याला इतिहास आहे. १९७० च्या दशकात हंगेरीचा टिबोर क्लाम्पार आणि युगोस्लाव्हियाचा ड्रागुटिन शुर्बेक यांच्या लक्षात आलं, की सायकलच्या ट्यूबला ठिगळ लावायचं सोल्युशन वापरून रबर चिकटवलं तर ते भलतंच वेगवान होतं. त्यातला द्रव स्पंजमध्ये शिरतो, स्पंज फुगतो. परिणाम थोडा वेळच टिकतो, म्हणून सामन्याआधी पुन्हा रबर काढा, पुन्हा सोल्युशन लावा. जगभर हे पसरलं आणि आमच्यापर्यंतही आलं. पाचकंदीलच्या बाजूला सायकल दुकानातून मोठी मुलं डबी आणायची आणि हॉलच्या मागच्या खोलीत चार-पाच जण एकदम रबरं लावत बसायचे. दार लोटलेलं. त्या खोलीवरून जाताना मी ओढणी नाकाला लावायची आणि सामना सुरू होईपर्यंत बाहेर लिंबाखाली उभी राहायची. हे सोल्युशन नाकाला नकोसं होतंच, शिवाय त्यातले टोल्युइनसारखे द्रव शरीराला घातक. शेवटी आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघाने, म्हणजे आयटीटीएफने, बीजिंग ऑलिंपिक आटोपल्यावर १ सप्टेंबर २००८ पासून अशा गोंदावर पूर्ण बंदी घातली. कारण आरोग्याचं होतं. वासाचा त्रास होणाऱ्या माणसाने संकोचू नये असं मी म्हणते ते त्याचमुळे. ज्या गोष्टीने आपण बाजूला उभे राहायचो, तीच गोष्ट पुढे जगभर बंद झाली.

आता मोठ्या स्पर्धांत बॅटीतून अशी उडणारी रसायनं बाहेर पडतात का, ते यंत्राने तपासतात. नियम असा आहे, की रबर कारखान्यातून आलं तसंच वापरायचं, त्यावर भौतिक, रासायनिक किंवा दुसरी कसलीही प्रक्रिया करायची नाही. तरीही बाटलीत मिळणारं ‘बूस्टर’ तेल स्पंजला लावणारे आपल्याकडे आहेत. मी माझ्या मुलींना ते लावू देत नाही. नियमात बसत नाही हे एक. आणि शेजारच्या टेबलावर दम्याची मुलगी खेळत असेल, तर तिच्या श्वासाचा विचार न करता आपला लूप, म्हणजे स्पिन देऊन मारलेला फटका, जोरात जावा म्हणून तेल लावणं मला पटत नाही. यावर माझं मत बदलणार नाही.

तर मग घ्यायचं काय?

नाकाला सर्वांत सोसणारी म्हणजे जुन्या धाटणीची, टेन्शन नसलेली रबरं. बटरफ्लायचं स्रायव्हर १९६७ चं, यासाकाचं मार्क व्ही १९६९ चं. या पिढीच्या रबरांवर जगज्जेते घडले आहेत. त्यांना वास असतो तो मुख्यतः रबराचा, तेलाचा नाही. जोर स्वतःच्या हातातून काढावा लागतो, आणि जिल्हा पातळीपर्यंत खेळणाऱ्या मुलीसाठी मला ते चांगलंच वाटतं. स्ट्रोक पूर्ण मारायची सवय लागते. ब्लॉक करताना चेंडू हातातून निसटत नाही.

चिनी चिकट रबरांत दोन प्रकार येतात. एक साधं, दुसरं कारखान्यातच तेल देऊन ‘ट्यून’ केलेलं. नावात थोडाच फरक असतो, वासात मोठा. मागवताना विक्रेत्याला फोन करून स्पष्ट विचारा, की यातलं कोणतं आहे. साध्या प्रकारालाही पाकीट फोडल्यावर वास असतोच, पण तो लवकर उतरतो. मात्र त्याचा स्पंज कडक असतो, मनगट आणि खांदा तयार नसलेल्या मुलीला तो चेंडू फेकून देत नाही. वासासाठी हे घेतलं आणि खांदा दुखावला, असं करू नका.

पिंपलचा, म्हणजे वर बारीक दाणे असलेल्या रबराचा, विचार फार कमी लोक करतात. त्यातलं लांब दाण्यांचं लाँग पिंपल बिनस्पंजाचं मिळतं, त्याला ओएक्स म्हणतात. स्पंजच नाही म्हटल्यावर स्पंजातलं तेलही नाही. ज्यांना अगदी हलका वास हवा त्यांना बॅकहँडला हे लावून देता येतं. अर्थात त्याने खेळाची पद्धतच बदलते. समोरच्याची स्पिन उलटी होऊन जाते, आपल्याला स्वतः फारशी स्पिन काढता येत नाही. फक्त वासासाठी कुणी पिंपलवर जावं असं मी म्हणणार नाही, पण ज्या मुलीचा बॅकहँड मुळातच ब्लॉकचा आहे तिने बघायला हरकत नाही. भारताची खेळाडू मनिका बत्रा बॅकहँडला पिंपल वापरते हे सांगितलं की मुलींचा चेहरा बदलतो.

जाडीचंही तसंच. मॅक्सऐवजी १.८ किंवा १.५ मिलिमीटरचा स्पंज घेतला तर तेल धरून ठेवणारा फेसच कमी. नवशिक्या मुलींना मी असाही पातळच स्पंज देते, ताबा चांगला राहतो.

आमच्याकडे शिरपूरच्या बाजूची एक मुलगी आहे. आईवडील कामासाठी धुळ्यात आले, दीड खोलीचं घर. कुणीतरी तिला अगदी नवं टेन्शन रबर भेट दिलं. मनापासून दिलं, किंमतही चांगली होती. दुसऱ्या दिवशी तिच्या आईचा फोन आला, ‘ताई, त्या रबरना वास घरभर हुई गया.’ मुलगी रात्रभर खोकत होती. तिला दमा आहे. मी आईला म्हटलं, आधी डॉक्टरांना दाखवा, बॅटीचं मी बघते. बॅट माझ्याकडे आणली. ते रबर उतरवलं आणि दुसऱ्या एका मुलीला दिलं, तिला वासाचं काही वाटत नाही. या मुलीला दोन्ही बाजूंना जुन्या धाटणीचं पातळ स्पंजाचं रबर लावलं. डॉक्टरांनी खेळायला हरकत नाही म्हटल्यावर ती पुन्हा येऊ लागली. तिचा फोरहँड आधीइतका सुसाट जात नाही, पण ती रोज खेळते आहे, पुश सुंदर करते आहे. वेगाचं पुढे बघू.

रबर ठरलं की दुसरा प्रश्न त्याला वारा देण्याचा. आयटीटीएफही सांगते, की नवं रबर पाकिटातून काढून किमान ७२ तास हवेशीर ठेवावं, मगच चिकटवावं. ही शिफारस तपासणीच्या यंत्रासाठी आहे, पण आपल्या नाकालाही तितकीच उपयोगी. मी तर त्याहून जास्त ठेवते. पुठ्ठा काढायचा, प्लास्टिक काढायचं, शीट स्पंजाची बाजू वर करून जाळीच्या रॅकवर ठेवायची, म्हणजे खालून-वरून वारा लागतो. टॉपशीट चिकट असेल तर तिच्यावरची पातळ फिल्म राहू द्या, नाहीतर धूळ बसते, आणि आपल्या धुळ्यात धुळीची कमतरता नाही.

इथे खानदेशची हवा कामाला येते आणि घातही करते. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे जातो. उष्णतेने वास लवकर उडतो हे खरं. म्हणून काही जण शीट थेट गच्चीवर उन्हात टाकतात. तसं करू नका. उन्हाने टॉपशीट मरते, तिची पकड जाते, पुढे बारीक तडे पडतात. सावली हवी आणि वारा हवा, ऊन नको. मी मागच्या पडवीत रात्री ठेवते, सकाळी दहाच्या आत उचलून आत घेते. आत म्हणजे कपड्यांच्या कपाटात नाही. पिठाच्या डब्याशेजारी तर नाहीच. कपडे आणि पीठ दोन्ही वास धरतात. पावसाळ्यात हवा दमट, वास हळू उतरतो, तेव्हा पंख्याखाली ठेवावं लागतं आणि धीरही धरावा लागतो. अत्तर, सॅनिटायझर, लिंबू असलं काहीही रबरावर चोळायचं नाही. वास जात नाही, रबर मात्र बिघडतं.

पार्सलचंही बघा. पुण्या-मुंबईहून येणारा डबा मे महिन्यात गाडीत, गोदामात तापत पडतो. बंद पाकिटात वास कोंडलेला असतो. ते पाकीट खोलीत फोडू नका. अंगणात फोडा, आणि फोडताना तोंड बाजूला ठेवा. ज्याला त्रास आहे त्याने दुसऱ्याकडून फोडून घ्यावं, यात लाज कसली.

आता गोंद. माझा ठाम अनुभव असा, की पुष्कळ घरांत ज्याला ‘रबराचा वास’ म्हणतात तो मुळात गोंदाचा असतो. चप्पल-बूट आणि फर्निचरला लावतात ते पिवळं, झणझणीत सोल्युशन आजही बॅटीला सर्रास लावलं जातं, कारण ते कोपऱ्यावर मिळतं. त्याचा वास स्पंजमध्ये मुरतो आणि दिवसेंदिवस जात नाही. स्पर्धेच्या तपासणीत ते अडकू शकतं, ते वेगळंच. त्याऐवजी टेबल टेनिससाठीच बनवलेला पाण्याचा गोंद घ्या. तो दुधासारखा पांढरा असतो. लावताना नाकाला अमोनियाची हलकी चुणूक येते, कारण रबराचा चीक साकळू नये म्हणून बऱ्याच गोंदांत अमोनिया घातलेला असतो. खिडकी उघडी ठेवली की ती निघून जाते. स्पंजवर एक पातळ हात, वाळू द्यायचा, हवा तर दुसरा, ब्लेडवर, म्हणजे बॅटीच्या लाकडी फळीवर, एक. पांढरेपणा पूर्ण जाऊन पारदर्शक झाल्याशिवाय चिकटवायचं नाही. उन्हाळ्यात आमच्याकडे हे बघता बघता वाळतं, श्रावणात ताटकळत बसावं लागतं. घाईत ओलं चिकटवलं तर ओल आत कोंडते, फुगे येतात आणि अमोनियाही आतच राहतो. आणि थरावर थर चढवू नका. स्पंज, टॉपशीट आणि गोंद मिळून चार मिलिमीटरच्या वर जायचं नाही असा नियम आहे, मॅक्स स्पंजाला तिथे फार जागा उरत नाही.

अमोनियाची चुणूकही नको असेल तर दोन्ही बाजूंनी चिकट असलेली पारदर्शक फिल्म मिळते. ती लावायला किचकट आहे. एक सुरकुती पडली की पडली. पण वास जवळजवळ नाही. माझ्या स्वतःच्या बॅटीला मी अर्धशिशीच्या दिवसांत तीच वापरते.

एक गोष्ट मात्र वेगळी काढून सांगायला हवी. वासाने डोकं दुखणं आणि रबराची अ‍ॅलर्जी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाण्याच्या गोंदात बहुधा नैसर्गिक रबराचा चीक असतो. ज्याला फुगे किंवा रबरी हातमोजे लागले की खाज सुटते, पुरळ उठतं, ओठ सुजतात, त्याने वास नाही म्हणून तो गोंद सुरक्षित समजू नये. अशा माणसाने आधी डॉक्टर गाठावा आणि गोंद दुसऱ्याकडून लावून घ्यावा.

शेवटचं सांगायचं ते पैशांचं आणि वासाचं एकत्रच आहे. वास सर्वांत कमी कोणत्या रबराला येतो? वापरलेल्या. दोन-तीन महिने कुणीतरी खेळून झालेल्या शीटमधलं तेल उडून गेलेलं असतं, आणि शिकणाऱ्या मुलीला पुरेल इतकी पकड तिच्यात बाकी असते. घेताना स्पंजची मागची बाजू बघा. पारदर्शक, साल निघावी तसा सोलला जाणारा थर असेल तर पाण्याचा गोंद. पिवळट, घट्ट मुरलेला असेल आणि नाकाजवळ नेल्यावर झोंबत असेल तर ती शीट नको. आपल्या धुळे, जळगाव, नंदुरबारकडे स्पर्धा खेळणारे बरेच जण हंगाम संपला की चांगल्या शीट टाकून देतात. त्या टाकू नका. गोंद सोलून, ओल्या स्पंजने पुसून, सावलीत वाळवून, फिल्म लावून जवळच्या हॉलवर द्या. मोठ्या ब्लेडवरून उतरवलेली शीट कडेने कापून लहान बॅटीवर नीट बसते, आणि कापायचं काम माझ्याकडे आणलंत तर मी करून देईन.